खेळाडूला नायक करावयाचे असल्यास

आपल्या गाठीशी थोडा पैसा, भाड्याने मिळतील तेवढ्या मोटारसायकली आणि एखादा नामांकित खेळाडू असेल, तर चित्रपट काढण्यास आपण मुळीच विलंब लावू नये. आधी कथा हवी, असे सांगणारे हितचिंतक भेटतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावावे. १९६६ साली अमेरिकन दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांनी ‘द वाइल्ड एंजल्स’ हा मोटारसायकलस्वारांच्या टोळीचा चित्रपट अवघ्या साडेतीन लाख डॉलरांच्या आसपास काढला आणि त्याच्या कितीतरी पट पैसा मिळवला. १९६९ साली त्याच वळणाच्या ‘ईझी रायडर’ने तर मोठमोठ्या स्टुडिओंची झोप उडवली. त्यानंतर अमेरिकेत ज्याच्याकडे कॅमेरा होता, तो प्रत्येक जण दाढीवाल्या टोळक्याच्या शोधात निघाला. या प्रकाराचे अर्थशास्त्र अगदी सरळ आहे. वेस्टर्नपटाचीच कथा घ्यावी, तिच्यातला घोडा काढावा आणि तेथे मोटारसायकल ठेवावी. मोटारसायकलीला चारा लागत नाही, ती कॅमेऱ्यासमोर भलत्या वेळी लीद टाकत नाही आणि वाळवंट तेच चालते.

आदर्श म्हणून आपण १९७० सालचा ‘सी. सी. अँड कंपनी’ डोळ्यांसमोर ठेवावा. त्याचा नायक जो नेमथ हा न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू होता. खेळाडू निवडताना त्याला अभिनय येतो की नाही, असला क्षुल्लक विचार करू नये. त्याच्या नावावर किती मथळे आहेत, ते मोजावे. नेमथने १९६५ साली ४,२७,००० डॉलरांचा करार करून मैदानावर पाऊल टाकण्यापूर्वीच मथळे मिळवले होते. जानेवारी १९६९ च्या तिसऱ्या सुपर बोलपूर्वी, म्हणजे त्या खेळाच्या अजिंक्यपदाच्या सामन्यापूर्वी, प्रतिस्पर्धी बाल्टिमोर कोल्ट्स आरामात जिंकणार असे सारे जाणकार सांगत असताना, त्याने विजयाची जाहीर हमी दिली आणि संघाने तो सामना १६-७ असा खरोखरच जिंकला. ज्या गृहस्थाने जाहिरातीसाठी कॅमेऱ्यासमोर मिशी काढण्याचे दहा हजार डॉलर घेतले, त्याला कॅमेऱ्याचा अनुभव नाही, असे कोण म्हणेल? त्याच्या गुडघ्यांवर तोपर्यंत एकाहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या होत्या, याचीही काळजी करू नये. उलट, मोटारसायकलवर बसलेल्या माणसाला पळावे लागत नाही, हाच या प्रकाराचा मोठा गुण होय.

(आपल्याकडील वाचकांनी येथे नाके मुरडू नयेत. सुनील गावसकर ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटाचे नायक झाले होते, आणि १९८५ साली संदीप पाटील यांना नायक करताना खलनायक म्हणून यष्टिरक्षक सय्यद किरमाणी यांनाच उभे करण्यात आले होते. एका खेळाडूसमोर त्याचाच जुना सहकारी उभा केला म्हणजे निदान परका माणूस शोधण्याचा त्रास वाचतो.)

लेखनाचे काम नायिकेच्या यजमानांकडे सोपवावे. ‘सी. सी. अँड कंपनी’त नायिका अ‍ॅन-मार्गरेट होत्या आणि पटकथा त्यांचे पती रॉजर स्मिथ यांनी लिहिली. निर्मितीतही ते होते. कार्य घरचे असले की मानपानाचे प्रश्न उद्भवत नाहीत. अ‍ॅन-मार्गरेट यांना मोटारसायकलींची खरीखुरी आवड होती, हे त्या काळी सर्वश्रुत होते. तेव्हा त्यांना फॅशनच्या जगातील बाई करून भर वाळवंटात बंद पडलेल्या गाडीपाशी उभे करावे आणि वाहनाची जबाबदारी फुटबॉलपटूकडे द्यावी, हा निर्णय किती दूरदृष्टीचा होता, हे आपल्या ध्यानी येईलच. नायक टोळीतलाच असला, तरी आपल्याच सोबत्यांच्या तावडीतून नायिकेला सोडवतो. येथपर्यंत आल्यावर पुढचे कोणालाही सांगता येते आणि त्यामुळे प्रेक्षकाच्या डोक्याला ताण पडत नाही. मध्येच एक मोटोक्रॉस, म्हणजे खडबडीत मातीच्या वाटेवरची मोटारसायकल शर्यत घालावी. शर्यतीत हेल्मेट असते आणि हेल्मेटच्या आत चेहऱ्यावर कोणते भाव आहेत, हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

खलनायक मात्र खरा नट घ्यावा, कारण चित्रपटात कोणीतरी अभिनय करावा लागतो. टोळीप्रमुख मून याची भूमिका विल्यम स्मिथ यांनी केली. ते पिळदार शरीराचे, भेदक नजरेचे आणि अशा चित्रपटांत मुरलेले गृहस्थ होते. शर्यतीच्या बक्षिसाच्या रकमेवरून त्यांचे नायकाशी बिनसते आणि अखेरचा निकालही मोटारसायकलींवरच लागतो. दोघे एकाच चौकटीत आले की, नायक कोणाला म्हणायचे, याबद्दल नजर थोडी गोंधळते. आपल्या चित्रपटात असे होऊ द्यावयाचे नसेल, तर दोघांमध्ये एखादी मोटारसायकल उभी करावी.

एका धोक्याची सूचना मात्र गांभीर्याने देतो. या चित्रपटाच्या सुरुवातीलाच नेमथ एका सुपरमार्केटमध्ये शिरतो, फळीवरचा ब्रेडचा पुडा फोडतो, दुसऱ्या फळीवरून मांसाचे काप घेतो, चीज घेतो, दुकानात फिरता फिरता निवांतपणे सँडविच तयार करून खातो आणि शेवटी फक्त च्युइंगगमचे पैसे देऊन निघून जातो. त्यात घाई नाही, भाषण नाही, टोळी नाही. बाहीने घाम पुसण्याइतक्या सहजतेने तो दुकान लुटतो, आणि सारा देश ज्याच्यावर लुब्ध होता, तो आळशी, मिस्कील, कोणालाही राग येऊ न देणारा माणूस त्या काही मिनिटांत जसाच्या तसा दिसतो. असला प्रसंग आपण चुकूनही ठेवू नये. तो पाहिल्यावर प्रेक्षकाच्या मनात अपेक्षा निर्माण होते, आणि पुढे तासभर ती कोठे ठेवावी, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. ठेवलाच, तर निदान शेवटी ठेवावा. तोपर्यंत तक्रार करण्याजोगे कोणी सभागृहात उरलेले नसेल.

चित्रपट प्रदर्शित झाला, त्याच ऑक्टोबर १९७० मध्ये कोल्ट्सविरुद्धच्या सामन्यात नेमथचे मनगट मोडले आणि त्याचा तो हंगाम तेथेच संपला. पडद्यावर एवढी हाणामारी करूनही ज्याचे काही बिघडले नाही, त्याला मैदानाने इजा केली; यावरून चित्रपटसृष्टी खेळाडूंना किती सुरक्षित आहे, हे आपण आपल्या खेळाडूच्या घरच्यांना पटवून द्यावे. करार मात्र एकाच चित्रपटाचा करू नये, कारण एकदा नायक झालेला खेळाडू दुसरा चित्रपट मागतोच. नेमथचा पुढच्याच वर्षी ‘द लास्ट रेबेल’ आला. तो वेस्टर्न होता. तेव्हा चाऱ्याची तजवीज आतापासूनच करून ठेवावी.