तीन दिवसांत पेपर छापून मिळेल म्हणे

आज स्टाफरूममध्ये डोकं फिरलं, ते लोकलमध्ये खिडकी मिळूनही शांत होईना म्हणून इथे लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

एका सहकाऱ्याने माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला माझ्यासमोरच व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरात दाखवली. पीअर रिव्ह्यूड इंटरनॅशनल जर्नल (म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांनी तपासून मगच संशोधनाचा पेपर छापणारं नियतकालिक), तीन दिवसांत पब्लिकेशन, सोबत सर्टिफिकेट, फी दीड हजार. आणि वर सल्ला, "अगं वर्षवर्ष कशाला थांबतेस, इथे टाक आणि मोकळी हो."

मोकळी हो?

ही मुलगी ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बायकांवर काम करते. पहाटे कुलाब्याला पोचायचं, बर्फातला माल सोलून सोलून ज्यांची बोटं पांढरीफटक पडलीयत त्यांच्या शेजारी उकिडवं बसायचं आणि वही भरायची. तिचा पहिला पेपर एका चांगल्या जर्नलला पाठवला होता. आधी एडिटरने वाचला, कित्येक पेपर तिथूनच परत येतात, डेस्क रिजेक्ट. हिचा टिकला, मग नाव, कॉलेज सगळं काढून दोन रिव्ह्यूअरकडे, म्हणजे तपासणाऱ्या जाणकारांकडे गेला. त्यांना ही कोण माहीत नाही, हिला ते कोण माहीत नाही. महिनोन्‌महिने काही पत्ता नाही आणि मग मेल आली, मेजर रिव्हिजन, म्हणजे बरंच बदलून पुन्हा पाठवा. पोरीचा चेहरा एवढासा झाला.

पण त्यातल्या एका रिव्ह्यूअरने एक प्रश्न विचारला होता. मजुरी टबावर मिळते असं तुम्ही लिहिता, पण टब केवढा? सगळ्या ठेकेदारांचे टब सारखेच असतात का?

ही परत डॉकवर गेली, यावेळी वजनकाटा घेऊन. टब सारखे नव्हते. भाव तोच, पण एकाच्या टबात माल जास्त मावायचा, म्हणजे तेवढ्याच पैशात जास्त सोलायचं. बायकांना हे पक्कं ठाऊक होतं, कुणी विचारलंच नव्हतं. सगळा तक्ता किलोवर नव्याने मांडला आणि पेपरचा कणाच बदलला.

सांगा, तीन दिवसांत हा प्रश्न कोण विचारणार होतं?

"मोठ्या लोकांना कुठे असतं हे रिव्ह्यू वगैरे" असंही ऐकवलं गेलं. १९३६ मध्ये फिजिकल रिव्ह्यू या जर्नलने आइन्स्टाइनचा पेपर रिव्ह्यूअरकडे पाठवला तेव्हा ते भडकले, पेपर काढून घेतला. गुरुत्वीय लहरी नसतातच असं त्यात म्हटलं होतं आणि रिव्ह्यूअरने चूक दाखवली होती. पुढे पेपर दुसरीकडे छापला तोपर्यंत निष्कर्ष उलटा झालेला. आइन्स्टाइनला लागतो तर आपल्याला का नको?

हो, या पद्धतीत खोट आहे, मान्य. रिव्ह्यूअरला दमडी मिळत नाही, दुसऱ्याने तर हिला चार ओळींत झटकलं होतं, आणि नेचरसारखं जर्नल पेपर सगळ्यांना खुला ठेवायचा तर ९५०० युरो मागायला लागलं तेव्हा मीही चिडले होते. पण म्हणून वाचणारा माणूसच काढून टाकायचा?

आणि राग फक्त त्या सरांवर नाही. २०२२ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत पीएचडीसाठी पेपरची सक्ती उरली नाही, तरी इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न "पेपर किती?" असाच येतो. काय लिहिलंय हे कुणी विचारत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादीही बंद केली, आता जर्नल चांगलं की भुरटं हे कॉलेजांनी ठरवायचं. किती हा आकडाच मोजायचा असेल तर दीड हजारवाल्यांचं फावणारच ना!

असो. थोडं चांगलंही सांगते. पेपर स्वीकारला म्हणजे लगेच छापला असं होत नाही, मध्ये कॉपीएडिटिंग, म्हणजे मजकुराची बारीक तपासणी असते, मग प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची तपासायची प्रत येते. हिच्या प्रूफच्या कडेला प्रश्नच प्रश्न होते, हा संदर्भ यादीत आहे पण मजकुरात कुठे, नकाशाला स्केल का नाही. जगभरच्या जर्नल्सचं हे काम बरंचसं चेन्नईकडे होतं, त्या माणसांचं नाव कुठेही येत नाही. आणि त्यातला एक प्रश्न होता, फोटोतल्या बाईंची परवानगी घेतली आहे का? तोंडी घेतली होती, तरी ही पुन्हा विचारायला गेली. मावशी म्हणाल्या, चेहरा नको गं, सुनेच्या माहेरचे बघतील, हात घे. हात छापले. मला तो फोटो आधीपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

टब आणि हात, दोन्ही अनोळखी माणसांच्या प्रश्नांमुळे आले. दोघांचंही तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं, तरी त्यांनी तिचं काम ओळ न्‌ ओळ वाचलं.

सर, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, वाचालच. तिचा दुसरा पेपरही त्याच चांगल्या जर्नलला जाणार आहे आणि लागेल तेवढा वेळ आम्ही थांबणार आहोत. आणि इथल्या ज्या ज्या प्राध्यापक मंडळींच्या इनबॉक्समध्ये रिव्ह्यूची विनंती नुसती पडून आहे त्यांनी ती आज रात्री उघडा. जमणार नसेल तर तसं आत्ताच कळवा, म्हणजे एडिटरला दुसरं कुणी शोधता येईल, पलीकडे कुणाची तरी पोर रोज मेल उघडून बघतेय.