सहभागी क्रमांक ७

"मना नाव नाय का गो? सात नंबर बोलाला मी काय बस हाय?"

हे वाक्य मी गेल्या फेब्रुवारीत ऐकलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. म्हणून ही पोस्ट. लांब आहे. चहा घेऊन बसा किंवा पुढे सरका, राग नाही.

आधी मी काय करते ते सांगते, कारण ते नातेवाइकांनाही नीट ठाऊक नाही. मी नौपाड्यात राहते. आठवड्याचे पाच दिवस डिजिटल माध्यमांवर संशोधन करते. म्हणजे लोक मोबाइलवर काय बघतात, काय बनवतात, कुणाला पाठवतात आणि त्यातून त्यांच्या हाताला काय लागतं, हे त्यांच्या घरी जाऊन, शेजारी बसून समजून घेते. उरलेले दोन दिवस आणि बहुतेक संध्याकाळी पेटी वाजवते. साथीला. (पेटी घेऊन बाई आली की आयोजक आधी "गाणार का तुम्ही?" असं विचारतात. नाही हो, गाणारे मागून येताहेत.) आईच्या हिशेबी पहिलं काम म्हणजे "दिवसभर फोन बघते" आणि दुसरं म्हणजे "रात्री उशिरा येते".

सध्याचा अभ्यास आगरी-कोळी हळदीच्या गाण्यांवर आहे. ठाणे-वाशी लोकल २००४ मध्ये सुरू झाली. त्या गाडीने ऐरोली, रबाळे, घणसोली करत जाताना खिडकीतून काचेच्या इमारती दिसतात, आणि त्यांच्या मधल्या फटींतून गावं. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ची. ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं, पण गावं गेली नाहीत. लग्नसराईत रात्री घणसोली स्टेशनवर उतरलात तर कानच सांगतील. गल्लीच्या तोंडाशी मांडव, मांडवात बेंजो पार्टी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा परदेशी बँजो नव्हे. आपल्या बुलबुल तरंगाला पिकअप बसवून तो अँप्लिफायरला जोडतात. एका हाताने टाइपरायटरसारख्या बटणांवर सूर, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. आमच्या पेटीचा हा दांडगा मावसभाऊ.

या पट्ट्यातल्या एका गावात (कोणतं ते सांगणार नाही) एक मुलगा वरच्या मजल्यावरच्या खोलीत गाणी करतो. भिंतीला गोधड्या ठोकल्यात, एक माईक, कॉम्प्युटरवर एफएल स्टुडिओ हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर, आणि खाली आत्याच्या मच्छी साफ करण्याचा वास. तो मला शिकवतो आणि मी वहीत लिहून घेते. गाण्याच्या पहिल्या पाच सेकंदांत ठेका आलाच पाहिजे. आलाप-बिलाप नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय गाणं 'वाजलं' म्हणून धरलंच जात नाही, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. २०२४ पासून तिथे वर्षाला १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसे नाहीत, हेही. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा त्याचे दोन वर्षांचे व्हिडिओ गेले. "कुनी मेला असता तर दहावा तरी केला असता," असं तो हसत म्हणाला.

घरी जाऊन बसण्याची गरज काय, असं मला परिषदांमध्ये विचारतात. सगळा डेटा ऑनलाइनच असतो ना? असतो, पण आमच्यासाठी नाही. फेसबुकवर काय पसरतंय ते पाहण्यासाठी संशोधक आणि पत्रकार क्राउडटँगल नावाचं साधन वापरत. मेटाने ते १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. ट्विटरने डेटाची फुकट मिळणारी वाट त्याआधीच, २०२३ मध्ये, बुजवली होती. आता आमच्यासारख्यांनी घरीच जायचं, चहा प्यायचा आणि विचारायचं. खरं सांगू? मला त्याचं वाईट वाटत नाही. कारण अशीच एकदा चहा पीत बसले असताना त्या मुलाची आजी आतून आली.

आजी धवलारीण. आगरी लग्नात पूर्वी भटजीच्या जागी ही बाई असायची. हळद, मांडव, पाणी भरणं, एकेका विधीला तिचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं. तोंडपाठ, आईकडून किंवा सासूकडून आलेला. आजीने त्या दुपारी चाळीस मिनिटं गायलं. पाच सेकंदांत ठेका नव्हता, पन्नासाव्या सेकंदालाही नव्हता. नातू मोबाइलवर काहीतरी करत होता आणि मी पेन खाली ठेवलं होतं.

मग मी माझं संमतीपत्र काढलं. मराठीत वाचून दाखवलं. तुमचं नाव कुठेही येणार नाही, अहवालात तुमचा उल्लेख 'सहभागी क्रमांक ७' असा होईल, तुमची ओळख सुरक्षित राहील.

त्यावर वर लिहिलेलं वाक्य आलं.

मी समजावलं. आजी, हे तुमच्या भल्यासाठी. तिने नातवाकडे पाहिलं. मग अंगठा नाही, सही केली. मोठी, वळणदार, पूर्ण नाव, वडिलांचं आडनाव आणि नवऱ्याचं आडनाव. सुरक्षित राहिलेल्या ओळखीच्या खाली.

नियम का आहे ते मला चांगलं माहीत आहे. घरच्यांपासून लपवून अकाउंट चालवणारी मुलगी माझ्याशी बोलते तेव्हा तिचं नाव झाकणं हे माझं पहिलं काम. फेसबुकवरच्या लोकांची माहिती त्यांना न विचारता वापरणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका कंपनीचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आल्यावर तर आमच्या क्षेत्रात सगळेच दुप्पट सावध झाले, आणि व्हायलाच हवं होतं. पण हा नियम अशा माणसांसाठी झाला ज्यांच्याकडून आपण *माहिती* घेतो. आजीने मला माहिती दिली नव्हती. गाणं दिलं होतं. ते घेऊन तिला क्रमांक देणं याला माझ्या दुसऱ्या धंद्यात सरळ शब्द आहे, आणि तो शिष्ट नाही.

हे मला लगेच कळायला हवं होतं. बिननावाचं असणं म्हणजे काय ते साथीदाराइतकं कुणाला ठाऊक? पोस्टरवर गायिकेचा फोटो, खाली मुंगीच्या अक्षरात 'साथसंगत'. मागच्या महिन्यात एका निवेदकाने तबलजीचं नाव मला दिलं आणि माझं तबलजीला, टाळ्या दोघांना एकत्रच पडल्या. जुन्या कितीतरी तबकड्यांवर गाणाऱ्याचं नाव ठसठशीत आहे, पेटी आणि तबला कुणाचा ते नाही. मी त्या ऐकते तेव्हा मागची पेटी ऐकते. श्वास घेतल्यासारखा भाता हलतो, गाणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे कुणीतरी चालतंय, आणि ते कोण ते सांगणारं आता कुणी नाही.

नाव राखण्याची युक्ती गाणाऱ्यांना मात्र पहिल्या दिवसापासून सुचली होती. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांची जागा. तरी शेवटी ती ठणकावून सांगते, "माय नेम इज गौहर जान." तबकड्या तेव्हा जर्मनीत, हॅनोव्हरला घडवल्या जात, तिथल्या माणसांना ही कुणाची ते कळावं म्हणून ही व्यवस्था. कारण कारखान्याचं, पण ऐकणाऱ्याला वाटतं बाई मालकी सांगतेय. आणि आपल्याकडे तर ही युक्ती त्याहून कितीतरी जुनी. तुका म्हणे, नामा म्हणे, म्हणे जनी. नाव गाण्याच्या आतच विणलेलं. कुणी चोरलं तरी चोरालाच ते नाव गावं लागतं!

माझं नाव कसं गेलं ते सांगते. टाळेबंदीत मी घरच्या हॉलमध्ये संगीत सौभद्र नाटकातलं एक पद पेटीवर वाजवलं, मधे कुकरच्या शिट्टीसकट, आणि एका व्हिडिओच्या साइटवर टाकलं. दोन तासांत निरोप: हे ध्वनिमुद्रण अमुक संगीत कंपनीच्या मालकीचं आहे. सौभद्र रंगभूमीवर आलं १८८२ मध्ये. ते लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गेले १८८५ मध्ये. आपल्या कायद्यात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. चाल कंपनीची नाही, शब्द कंपनीचे नाहीत, आणि शिट्टी तर नक्कीच आमच्या कुकरची. यंत्राने माझी पेटी दुसऱ्या कुठल्या तरी वादकाच्या मुद्रणाशी जुळवली होती. (इतकी जवळ गेली माझी वाजवणी याचा क्षणभर आनंद झाला, खोटं का बोलू.) तक्रारीचा अर्ज भरला. तो गेला दावा करणाऱ्या कंपनीकडेच. सत्तावीस दिवसांनी दावा उठला. कारण नाही, माफी नाही, सही नाही. तिथे कुणालाच नाव नव्हतं.

२०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला एक हक्क मिळाला आहे: हे सादरीकरण माझं आहे असं ओळखलं जाण्याचा. कागदावर छानच आहे. आता गाणं ऑनलाइन चढवतानाचा फॉर्म बघा. मुख्य कलाकार, संगीतकार, गीतकार. धवल्याला संगीतकार कोण? त्या मुलाने सवयीने टाइप केलं: 'पारंपरिक'.

या शब्दावर माझा राग आहे. ज्याला नाव आहे त्याची ती रचना, आणि ज्या बायकांची नावं विचारायला कुणी गेलंच नाही ती परंपरा. पुढे कुणीतरी त्यावर कीबोर्ड चढवतो आणि 'संगीत' या रकान्यात स्वतःचं नाव घालतो, कारण रकाना रिकामाच असतो. असंच चालतं म्हणणाऱ्यांनी जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह पाहावा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर ऐकता येतात. त्यांनी 'पारंपरिक' लिहून हात झटकले नाहीत. बाईचं नाव, गाव, कितीदा तर फोटोसुद्धा. तीन हजारांहून जास्त बायका. तेही संशोधनच होतं की. नाव लिहिल्याने शास्त्र बुडालं नाही.

तर मी संशोधनाचे नियम आणि संमतीपत्रं मंजूर करणाऱ्या आमच्या समितीला दुरुस्तीचा अर्ज केला. जिथे सहभागी स्वतः कलाकार आहे आणि नाव हवं म्हणतो, तिथे नाव. उत्तर यायला अडीच महिने लागले. एका सदस्याने विचारलं, "वयस्कर व्यक्तीला परिणामांची पूर्ण कल्पना आहे का?" मी म्हटलं, सर, तिने शेकड्याने लग्नं लावलीत, परिणामांची तिला आपल्यापेक्षा जास्त कल्पना आहे. (हे मनात म्हटलं. अर्जात 'सविस्तर चर्चा केली आहे' असं लिहिलं.) मंजूर झालं.

मग एका रविवारी नातवाच्या खोलीत नीट मुद्रण केलं. पंखा बंद, आत्याला सांगून मिक्सर बंद, कोंबड्याला कोण सांगणार? आजी म्हणाली, पेटी आणलीस तर वाजव. प्रयत्न केला. तिचा गंधार माझ्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि दर वेळी त्याच जागी, म्हणजे ती चुकत नव्हती. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत होती. हिचे सूर ठोकून बसवलेले, मिंड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, पट्ट्यांच्या मधल्या श्रुती येत नाहीत, हा आरोप. आम्ही पेटीवाले पिढ्यान् पिढ्या त्या बंदीला शिव्या घालत आलो. त्या खोलीत मात्र मला पहिल्यांदा आरोपात तथ्य सापडलं. बाकीच्या पट्ट्या सोडल्या आणि नुसता सा धरून बसले. चाळीस मिनिटं एकच पट्टी. हात अवघडला.

धवला संपला आणि आजी थांबलीच नाही. त्याच सुरात, न सांगता, तिने आपलं नाव घेतलं. मग माहेरचं गाव, सासरचं गाव, जिच्याकडून शिकली त्या सासूचं नाव. नातू म्हणाला, "हा कापूया, लोकांना कंटाळा येल." मी त्याला गौहर जानची तबकडी ऐकवली. तो ऐकून म्हणाला, "भारी ॲटिट्यूड हाय." कापलं नाही. श्रेयनामावलीत त्याने आजीचं नाव घातलं, सासूचं घातलं, आणि 'पेटी' म्हणून माझं, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसह.

आता तुम्ही विचाराल, आजीचं नाव काय? संमती घेतली ती गाण्यासाठी आणि अहवालासाठी. फेसबुकचं तिला विचारायचं राहिलंय. येत्या रविवारी हळद आहे त्यांच्याकडे, तेव्हा विचारते.