‘तोफ म्हणजे मोबाईलचं ॲप नव्हे’: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, शस्त्रं बनवतानाही ‘अजाइल’ पद्धत, म्हणजे थोडं बनवून, वापरून बघून वरचेवर सुधारत जाणं, आणावी असं मी लेखात म्हटलं; त्यावर तुम्ही लिहिलंत, “तोफ म्हणजे मोबाईलचं ॲप नव्हे. दर पंधरा दिवसांनी शस्त्र बदलणं म्हणजे जवानाच्या जिवाशी खेळ. आणि पैसे कशाचे देणार?” गोदीत हयात घालवलेल्या माणसाचा राग कळतो. ‘दर पंधरवड्याला नवी आवृत्ती’ हे मी बेधडक लिहिलं, चूक माझी. ती आवृत्ती चाचणीच्या टेबलावर जाते, सीमेवर नाही.

पण बदल वेळेवर पोचला नाही तरी माणसं जातात. २५ फेब्रुवारी १९९१, सौदीतलं धाहरान. शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या अमेरिकी ‘पॅट्रियट’ची बॅटरी, म्हणजे रडार आणि प्रक्षेपकांचा संच, सलग शंभर तास चालू होती. संगणक वेळ मोजताना प्रत्येक वेळी अगदी बारीक अंश गाळायचा; तो साचून सेकंदाचा तिसरा हिस्सा झाला. तेवढ्यात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडारने भलत्याच जागी शोधलं, २८ अमेरिकी सैनिक मेले. इस्रायलने हा दोष ११ तारखेलाच कळवला होता. दुरुस्त प्रोग्राम १६ला निघाला आणि धाहरानला पोचला २६ला! दरम्यान बॅटऱ्यांना निरोप गेला, ‘फार वेळ सलग चालवू नका’. फार म्हणजे किती, ते सांगितलंच नाही. नुसतं बंद करून चालू केलं असतं तरी भागलं असतं.

यात तुमच्याही बाजूचं आहे. वेळेचं गणित सुधारणारा प्रोग्रामचा तुकडा आधीच आला होता, पण तो काही ठिकाणी बसवला आणि काही ठिकाणी राहून गेला. घाईचं ठिगळ.

आमच्या मालवणात जुलैअखेर, मासेमारीची बंदी उठायच्या आधी, झापाखालच्या होडीत सुतार जीपीएसचा डबा बसवत होता. तांडेल म्हणाला, “सध्या खिळ्यार ठोक. एक फेरी मारून येतंय, मगे पक्को कर.” फेरीत कळलं, दुपारच्या उन्हात पडद्यावरचं काही दिसत नाही आणि सुकाणू धरून हातही पोचत नाही. डबा वीतभर सरकला. होडीच्या तळाच्या लाकडाला मात्र कुणी हात लावला नाही. मला म्हणायचं होतं ते एवढंच.

अर्जुन रणगाड्याला मंजुरी १९७४ची, उत्पादनातले पहिले रणगाडे लष्कराला मिळाले २००४ला. मधे मागणीपत्रात दुरुस्त्या होतच राहिल्या. म्हणजे बदल आपल्या जुन्या पद्धतीतही टळला नाही, फक्त तीस वर्षांवर पसरला.

पैशांचं म्हणाल, तर सॉफ्टवेअरखरेदीसाठी अमेरिकेने २०२०मध्ये वेगळी वाट काढली: वर्षातून निदान एकदा सैनिकाच्या हाती वापरता येईल असं काही पडलंच पाहिजे. मी हप्ता त्यालाच बांधेन, अहवालांच्या गठ्ठ्याला नाही.

तोफेची नळी, स्फोटकं, क्षेपणास्त्राची मोटर यांना मात्र पंधरवड्याची भाषा लागू नाही. लेखातलं ते वाक्य आज रात्री बदलतो.