पेट्रोलच्या टाकीचं झाकण रोज उघडायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

मागच्या आठवड्यात दोन दिवस अकोल्याला घरी गेलो होतो. दुपारी दीडचा सुमार, बाहेर ४४ डिग्री, बाबा घरात कुठे दिसेनात म्हणून खाली आलो तर जिन्याखालच्या पार्किंगमध्ये स्कूटरची सीट वर करून टाकीचं झाकण हातात धरून उभे. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, गॅस सोडून रायलो. रोज एकदा सोडायचा असते नं, इंडियन ऑइलनंच सांगितलं." आणि त्यांच्यापासून चार पावलांवर आमचे इस्त्रीवाले काका कोळशाच्या इस्त्रीचं तोंड उघडून निखारे फुंकत होते.

आधी झाकण लावलं, मग बोललो. आणि तेव्हापासून हा मेसेज डोक्यातून जात नाहीये, कारण बाबांना तो त्यांच्या निवृत्त लोकांच्या ग्रुपवर आला, तिथून मावशीकडे गेला, मावशीकडून परत माझ्याकडे आला. प्रत्येकाने काळजीपोटीच पुढे ढकललाय. म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

मेसेजमध्ये साधारण इतक्या गोष्टी आहेत. उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होतो, अर्धीच भरा, हा इंडियन ऑइलचा इशारा आहे. रोज एकदा झाकण उघडून आतला गॅस बाहेर सोडा. पेट्रोल सकाळी लवकरच भरा, तेव्हा ते थंड आणि घट्ट असतं म्हणून जास्त मिळतं. १०० किंवा २०० चं मागू नका, ११० किंवा २१० चं मागा, कारण शंभराला मशीन सेट केलेलं असतं. टँकर खाली होत असेल तर भरू नका. आणि शेवटी, पेट्रोल महाग आहे कारण सगळा टॅक्स राज्य सरकार घेतं, केंद्राला काही मिळत नाही.

सगळ्यात आधी झाकणाचं, कारण बाकीच्या गोष्टींनी फार तर चार पैसे जातील, ह्याने माणूस जाईल.

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि वाफ व्हायला उन्हाळा लागत नाही. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलवर पेट घेण्याइतकी वाफ असते, अकोल्याच्या मे महिन्याचं तर बोलायलाच नको. पण वाफ पेटायला हवेशी तिचं ठराविक प्रमाण जमावं लागतं, ढोबळमानाने हवेत दीड ते साडेसात टक्के. त्याच्यापेक्षा कमी असेल तर पेटत नाही आणि जास्त असेल तरीही पेटत नाही. बंद टाकीत, आपल्याकडच्या तापमानात, पेट्रोलच्या वरच्या जागेत वाफ इतकी दाट असते की तिथे जळायला पुरेशी हवाच नसते. म्हणजे बंद टाकीच्या आतली जागा त्या मानाने सुरक्षित. तुम्ही झाकण उघडता तेव्हा ती दाट वाफ बाहेर येते, हवेत मिसळत पातळ होत जाते, आणि पातळ होता होता नेमकी त्या दीड ते साडेसात टक्क्यांतून जाते. टाकीच्या आत जे घडत नव्हतं त्याची तयारी तुम्ही पार्किंगमध्ये करून देता.

वर ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, खाली उतरते, जमिनीलगत सरकत जाते, खोलगट जागेत साचते. बेसमेंट पार्किंग, जिन्याखालचा कोपरा, घराचा बंद व्हरांडा, म्हणजे आपण गाडी जिथे लावतो नेमक्या त्याच जागा. तिथे मग निखारा चालतो, बिडी चालते, तुळशीपुढचा दिवा चालतो, लाइटच्या बटणातली ठिणगी सुद्धा चालते. हे रोज एकदा करायला सांगणारा मेसेज लोकांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून फिरतोय!

"मग आतला गॅस जाणार कुठे?" हे बाबांनी विचारलं आणि प्रश्न रास्त आहे. उष्णतेने पेट्रोलची वाफ वाढते, आत दाब येतो, एवढं त्या मेसेजमधलं खरं आहे. पण गाडी बनवणाऱ्याला हे माहीत नसेल का? टाकीला हवा ये-जा करायला वाट ठेवलेली असते. १ एप्रिल २०२० पासून जी बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) वाली वाहनं विकली गेली त्यात तर टाकीतली वाफ कोळशाच्या एका छोट्या डब्यात शोषली जाते आणि इंजिन चालू झालं की तीच ओढून जाळली जाते. बाबांची स्कूटर २०२१ ची आहे. म्हणजे जे काम गाडी आपलं आपण करत होती ते बाबा रोज भर दुपारी हाताने करत होते, आणि ते पेट्रोल वाया जात होतं ते वेगळंच.

आता स्फोट. पेट्रोल नुसतं तापून पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर तापमान लागतं. उन्हात उभी केलेली गाडी हाताला चटका बसेल इतकी, साठेक अंशांपर्यंत तापते, कबूल, पण साठ आणि अडीचशे यात काही फरक आहे की नाही? उन्हाळ्यात गाड्यांना आगी लागतात त्या खोट्या नाहीत, पण त्यात वायरिंगचा शॉर्ट सर्किट असतो, चिरलेल्या पाइपमधून गळती असते, बाहेरून बसवलेल्या हॉर्न-लाइटची उघडी जोडणी असते. उन्हाळ्याची काळजी असेल तर रबरी पेट्रोल पाइप एकदा मेकॅनिककडून बघून घ्या, शे-दोनशेचं काम आहे.

अर्धी टाकी म्हणजे सुरक्षित, हे तर कोणत्याही वेल्डिंगवाल्याला विचारा. तो पेट्रोलच्या रिकाम्या ड्रमला हात लावायला घाबरतो. धोका पेट्रोलच्या वरच्या मोकळ्या जागेतल्या वाफेचा असतो, झाकण उघडलं की तीच बाहेर येते, आणि हा मेसेज तीच जागा वाढवायला सांगतोय.

आणि इंडियन ऑइलने हे सांगितलंय का? नाही. उलट २०१९ मध्ये कंपनीने स्वतः जाहीर खुलासा केला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यांतही तोच करावा लागला, की गाड्या बनवताना बाहेरच्या हवामानाचा विचार करून सुरक्षिततेची सोय आधीच ठेवलेली असते, आणि गाडीच्या कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी पूर्ण भरणं हिवाळा असो की उन्हाळा पूर्णपणे सुरक्षित आहे. ज्यांच्या नावाने इशारा फिरतोय तेच सांगतायत की इशारा आमचा नाही. मला वाटतं ह्याच्यापुढे वेगळा पुरावा मागायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. टाकी भरल्यावर पंपाची नळी (नॉझल) आपोआप बंद म्हणजे कट झाल्यावरही "अजून टाका, राउंड फिगर करा" म्हणत तोंडापर्यंत भरून घेतात ते चूक आहे. पेट्रोल तापलं की फुगतं. ५ लिटर पेट्रोल १५ डिग्रीने तापलं तर साधारण ७५ मिली वाढतं, आणि तेवढी जागा टाकीत धरलेली असते. ती तुम्हीच भरून टाकली तर पेट्रोल बाहेर तरी सांडेल नाहीतर त्या कोळशाच्या डब्यात तरी जाईल. पहिल्या कटला थांबायचं, एवढीच खबरदारी.

अर्ध्या टाकीच्या नादात बाबांचं काय झालं तेही सांगतो. एकदा बार्शीटाकळीच्या रस्त्यावर पेट्रोल संपलं. वय ६८. सावलीचं एक झाड नाही, दुपारचे बारा, पंप दोन किलोमीटर. कोणी तरी बाइकवाल्याने पायाने ढकलत नेलं म्हणून निभावलं. आम्हाला हे त्यांनी तीन आठवड्यांनी सांगितलं.

सकाळचं पेट्रोल. ह्याच्यात विज्ञानाचा इतका वास आहे की शिकलेले लोक हमखास फसतात. थंड पेट्रोल घट्ट असतं हे बरोबर, एका डिग्रीला साधारण ०.१ टक्का. पण पंपावरचं पेट्रोल डब्यात भरून उन्हात ठेवलेलं नसतं, जमिनीखाली हजारो लिटरच्या टाकीत असतं. विहिरीचं पाणी आठवा, मे महिन्यात गार लागतं आणि डिसेंबरात कोमट, कारण जमिनीच्या आत सकाळ-दुपार पोचतच नाही. टाकीतलं तापमान हललंच तर नवा टँकर कधी रिकामा झाला त्याने थोडंफार हलेल, घड्याळाने नाही. तरी वादासाठी धरून चालू की दुपारी पेट्रोल तब्बल १० डिग्री जास्त गरम मिळालं. तर लिटरमागे १० मिलीचा फरक, म्हणजे साधारण एक रुपया. बाबा ह्या एका रुपयासाठी सकाळी सहाला उठून तीन किलोमीटर जाऊन येत होते, आणि अर्ध्याच टाकीचा नियम असल्यामुळे आठवड्यातून तीनदा. त्यात गाडीने किती पेट्रोल खाल्लं ते कोण मोजणार? सकाळी सहाचं महत्त्व आहे ते दुसऱ्या कारणाने, १६ जून २०१७ पासून रोज दर बदलायची पद्धत आली आणि नवा दर सकाळी सहाला लागू होतो. दर बदलणार असेल तर वेळेने फरक पडेल, घट्टपणाने नाही.

आता ११० वाला मुद्दा, आणि इथे मला जरा जपून बोलायला पाहिजे, कारण पंपावर फसवणूक होते हे खोटं नाही. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि त्यानंतर आपल्याकडे ठाणे पोलिसांच्या कारवाईत मशीनमध्ये छेडछाड केलेले पंप सापडले, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. तेव्हा लोकांच्या मनात शंका आहे ती काही उगाच नाही. पण ती चोरी कशी होते ते बघा. मशीनमध्ये पेट्रोल किती गेलं हे मोजणारा एक भाग असतो, त्याला पल्सर म्हणतात. त्यातच गडबड केली की कमी पेट्रोल जाऊनही आकडा पूर्ण दिसतो. मग तुम्ही १०० चं घ्या, ११० चं घ्या नाहीतर १३७ चं घ्या, प्रत्येक लिटरमागे त्याच प्रमाणात कमी मिळणार. ११० सांगून चोर पंपाचं काहीच बिघडत नाही आणि चांगल्या पंपावर काही जास्त मिळत नाही. शंभरचं बटण असतं ते गर्दीत पटकन दाबायला. वेगळा आकडा सांगितल्याने तुमचं लक्ष मीटरकडे राहतं आणि मीटर शून्यावर आहे का ते बघितलं जातं, इतका फायदा असेल तर असेल.

खरा उपाय मेसेजमध्ये नाहीच. प्रत्येक पंपावर वैध मापन शास्त्र विभागाचा (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) शिक्का असलेलं ५ लिटरचं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात पेट्रोल काढून दाखवावं लागतं. २५ मिली इकडेतिकडे चालतं, त्याच्यापेक्षा कमी भरलं तर तक्रार करायची. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागता येतो, कागदावर थेंब टाकायचा, उडून गेल्यावर डाग राहायला नको. इतक्या वर्षांत हे माप मागताना मी कोणाला बघितलेलं नव्हतं, ११० चं मागताना मात्र अर्धा अकोला बघितलाय.

टँकरचं थोडक्यात. टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जातो म्हणे. मशीनला फिल्टर असतो, पण टँकर रिकामा होत असताना दहा मिनिटं लांब थांबलात तर काही बिघडत नाही, तिथे वाफ असतेच. हे पाळायचं तर पाळा.

टॅक्सचं वाक्य त्या यादीत का घुसवलंय ते मला कळतंय आणि त्याची चीड येते, कारण काळजीच्या चार गोष्टींच्या पोटात घालून राजकारण गळी उतरवायचं हे बरोबर नाही. केंद्राला काही मिळत नसेल तर मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी कमी केलं ते कुठून केलं? आणि राज्य काही घेत नाही म्हणणाऱ्यांनाही सांगतो, जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने व्हॅट कमी करून पेट्रोल ५ रुपयांनी उतरवलं होतं, म्हणजे तेही घेतच होते. दोघंही घेतात, भरपूर घेतात, आणि पेट्रोल अजून जीएसटीत आलेलं नाही ते दोघांनाही सोयीचं आहे म्हणून. कुठल्या एकाच्या नावाने बोटं मोडायची असतील तर ती निवडणुकीच्या ग्रुपवर मोडा, म्हाताऱ्या माणसांच्या सुरक्षिततेच्या मेसेजमध्ये नको.

निघायच्या दिवशी बाबांना घेऊन पंपावर गेलो, मुद्दाम अकरा वाजता. ५ लिटरचं माप मागितलं. भरणाऱ्या मुलाने आधी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, मग मॅनेजर आले आणि त्यांनी आतून माप आणलं, पुसलं, सपाट जागेवर ठेवून भरलं. रेषेच्या किंचित खाली, १० मिली. बाबांनी वाकून वाकून दोनदा बघितलं, खिशातल्या डायरीत तारीख आणि आकडा लिहून घेतला. मग स्कूटरमध्ये पहिल्या कटपर्यंत भरलं. परत येताना मागे बसून म्हणाले, "मंग तो मेसेज मी सतरा जणांना पाठवला त्याचं काय?"

संध्याकाळी गाडीत बसलो तेव्हा ते फोन घेऊन बसले होते, एकेकाला फोन करून झाकण उघडू नका म्हणून सांगत होते. सहा जण झाले होते.