फुसका बार

काल सकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर उभा होतो. गाडेवाल्यानं ग्लास पुढं केला आणि मागं वळून पोऱ्याला म्हणाला, "ए, फुसक्या बाराच्या सायबांस्नी बिस्कीट दे रं." एकवीस वर्षं बँकेत काढली. माझ्या सहीवर लोकांना घरं मिळतात. आणि गावात ओळख उरली ती ही!

झालं असं, की आमची लेक दहा मीटर एअर रायफल खेळते. एअर रायफल म्हटलं की पाहुण्यांना जत्रेतली फुगे फोडायची बंदूक आठवते, आणि 'त्याला एवढे पैसे?' हा प्रश्न पोह्यांबरोबर येतोच. तर या बंदुकीच्या नळीखाली दीड वितीचा सिलेंडर असतो, लाटण्याहून थोडा जाड. त्यात हवाच भरायची, तुम्ही-आम्ही घेतो तीच, फक्त दोनशे बार दाबानं. मोटारीच्या चाकात सव्वादोनच्या आसपास असते, यावरून काय ते समजा. तिच्या जोरावर साडेचार मिलिमीटरचा छर्रा समोर जातो आणि त्यानं गाठायचा दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीचा दाणासुद्धा त्याच्यापेक्षा मोठा.

हा सिलेंडर गळायला लागला. रात्री काटा दोनशेवर, सकाळी एकशे साठवर. स्वयंपाकाचा गॅस गळला तर निदान वास तरी येतो. हा आपला गुपचूप. रायफलीपासून सुटा करून ठेवला तरी उतरतोच, म्हणजे जोडातली ओरिंग, हवा अडवणारी रबराची रिंग, निर्दोष. मग साबणाचं पाणी केलं आणि ब्रशनं त्याच्या तोंडाला लावलं. व्हॉल्व जिथं आट्यांवर बसतो तिथं काही नाही. पण मधल्या भोकातून एक फुगा वर आला. मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, मग चांगला लिंबाएवढा, आणि फट्. पुन्हा मोहरी. रात्री साडेअकरापर्यंत मी ओट्याशी उभा राहून फुगे बघत होतो. बायको म्हणाली, "अहो, फेस केलाच आहे तर दोन भांडी तरी घासा."

ज्यानं रायफल विकली त्याला फोन केला. तो म्हणाला, दिल्लीला पाठवा, तीन आठवडे लागतील. स्पर्धा रविवारी! तरीही म्हटलं, पाठवून टाकू, पुढच्या वेळी तरी उपयोगी पडेल. कुरिअरवाल्यानं फॉर्म पुढं ओढला.

"आत काय आहे?"

"सिलेंडर."

"गॅसचा? नाही घेत."

"हवेचा. आणि तो रिकामा करून देणार आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "हवेचा सिलेंडर रिकामा केल्यावर आत काय असतं?"

याला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

म्हणून उद्यमनगर. ज्या पेठेनं अख्ख्या मुलखाला ऑइल इंजिनं पुरवली तिथं व्हॉल्वसाठी एक रबराची रिंग मिळणार नाही? दुकानात भिंतभर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला रिंगांच्या माळा. पोरगं विचारतंय, "नायट्राइल का व्हायटन? सत्तर शोअर का नव्वद?" मला वाटलं शोअर म्हणजे खात्री, म्हणून म्हणालो, "हो, शंभर टक्के." शोअर म्हणजे रबराचा कडकपणा, हे मागाहून कळलं. तोवर दुकानातली चार माणसं हसून मोकळी झाली होती.

त्यातले एक तात्या. दुकान त्यांचं नाही, गिऱ्हाईकही ते नाहीत. ग्रीसच्या डब्यावर पोतं टाकून बसलेले असतात. इंजिन फिटर म्हणून चाळीस वर्षं काढली आणि आता पंचक्रोशीतल्या यंत्रांची फुकट नाडी बघतात. त्यांनी सिलेंडर माझ्या हातातून घेतला. विचारलं वगैरे नाही, घेतला.

"ह्यो काय बंब हाय का पिचकारी?"

मी सांगितलं. दोनशे बार म्हणताच त्यांनी भुवया वर केल्या. "दोनशे बार? आरं तिच्या, एवढं बार हाय-वेलाबी न्हाईत."

"दाबाचे बार, तात्या. आपला कुकर साधारण एका बारला शिट्टी देतो."

ही माझी चूक. कुकर हा शब्द मी उच्चारायलाच नको होता.

"मग ह्यो दोनशे कुकरांचा एक कुकर! गास्केट बदललासा? आमच्या घरात गास्केट सैल पडलं की मंडळी ते फिरजात ठिवत्यात. रातभर फिरजात ठिवून बगा की."

"तात्या, हा कुकर नाही."

"शिट्टी न्हाई म्हणूनच बिगाडलाय. जिरवायला वाट पायजे वाफंला." मग माझ्याकडं कणवेनं बघत, "गोळी किती जाती म्हणायची? धा मीटर? दगूड मारला तर पन्नास जातोय."

बसलेल्यांची करमणूक चालली होती. एकानं विचारलं, "आपला स्वप्निल बी हीच हवा भरत हुता का?" मी म्हटलं, नाही, राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, 2024 ला पॅरिसमध्ये त्यानं कांस्य घेतलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, ती पॉइंट टू-टूची रायफल, काडतुसाची, हवेची म्हणाल तर 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्रा... तात्यांनी हात वर केला. "म्हंजे तुमची ती फुसकी." नाव पडलं ते त्या क्षणी.

सांगायचं तर तिथं मला खरोखर राग आला, आणि तो तात्यांवर नव्हता. पदक आलं त्या ऑगस्टात गावभर फलक होते, फेटे होते, ज्यांना रायफल कुठल्या टोकानं धरतात हे माहीत नाही तेही फलकावर हात जोडून उभे. फलकाच्या खर्चात असे किती व्हॉल्व आले असते, ते मी बँकेतला माणूस असल्यामुळं हिशोब करून बसलोय. आकडा सांगत नाही. पोरगी सहा वाजता उठून साठ शॉट मारते, आणि बाप दहा रुपयांच्या रिंगेसाठी पोत्यावरच्या माणसापुढं उभा. असो. चहा आला. पैसे मीच दिले.

तात्यांनी खिशातून तेलाची चिमुकली बुधली काढली. "दोन थेंब सोडू. वंगण न्हाई म्हणून व्हॉल्व अडलाय."

मी झडप घालून सिलेंडर पोटाशी धरला. "तेल नाही! अजिबात नाही! दाबलेल्या हवेत तेल गेलं तर काय होतं?"

तात्या गप्प झाले. दुकान गप्प झालं. ज्यानं चाळीस वर्षं डिझेल इंजिनं चालू केली त्याला हा प्रश्न मी विचारला होता.

"पेटतंय की," ते सावकाश म्हणाले आणि बुधली खिशात गेली. आयुष्यात एवढाच एक मुद्दा मी त्यांच्यावर जिंकलो. म्हटलं, लावलंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही ओरिंगेपुरतं. आणि व्हॉल्व खोलायचा तर आधी हवा पूर्ण सोडायची. एवढं वाक्य होईपर्यंत त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशातून हवा सोडायचा स्क्रू उचललाही होता.

"ही कशाची चावी?"

"हवा सोडायची. पण हळूहळू, अगदी थेंबाथेंबानं..."

त्यांनी सिलेंडर मांडीत आवळला, तोंड रस्त्याकडं केलं, स्क्रू बसवला आणि करकन पिळला. असा आवाज झाला की दारातलं कुत्रं महाराणा प्रताप चौकाच्या दिशेनं गेलं ते दिसेनासं झालं. तोंडाशी पांढरं धुकं आलं. दोन सेकंदांत त्यांनी स्क्रू उलटा फिरवला. काटा शंभरावर.

"लावा साबण आता."

पोरानं बादलीतला फेस लावला. आम्ही सगळे वाकून. मोहरी नाही, वाटाणा नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फेस वाळला.

"कचरा बसला हुता सीटवर. सर्दी झाल्ती बिचाऱ्याला. शिंकला, मोकळा झाला," तात्या म्हणाले आणि पुन्हा पोत्यावर बसले.

हेच करायचं असतं, हे मी नंतर माहितगाराला विचारून घेतलं. सीटवर, म्हणजे व्हॉल्व जिथं टेकून हवा अडवतो तिथं, कण अडकला तर एक जोराचा झोत सोडून बघायचा, नाही भागलं तरच हवा काढून खोलायचं. मी मात्र चार दिवस अगदी हळुवारपणे, पुस्तकात लिहिल्याप्रमाणं, हवा थेंबाथेंबानं सोडत होतो आणि तो कण तिथंच आरामात बसवून ठेवत होतो.

रेंजवर पुन्हा हवा भरून घेतली. रात्री दोनशे, सकाळी एकशे शहाण्णव. चार बार कुठं गेले म्हणून पोटात गोळा आला; मग आठवलं, भरताना सिलेंडर तापतो, निवला की काटा थोडा उतरतोच. दुसऱ्या दिवशीही एकशे शहाण्णवच. काल उद्यमनगरात गेलो होतो तो तात्यांना पेढे द्यायला. ते नव्हते, डब्यावर नुसतं पोतं होतं. पुडा पोराजवळ ठेवला आणि चहाला वळलो, तर ते बिस्कीट.

शनिवारी रात्री पेटी भरताना लेकीनं काटा बघितला. "बाबा, थांबलं की! काय झालं होतं?"

"व्हॉल्वच्या सीटवर कण होता."

"कुणी काढला?"

न वापरलेल्या दोन ओरिंगा खिशात होत्या, नव्वद शोअरच्या. त्या चाचपत मी म्हटलं, "मीच."