‘प्रोसेसर पिळा, रेंज वाढेल’: एफएमवाल्यांच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

छोटी एफएम केंद्रं चालवणाऱ्यांमध्ये एक संदेश सारखा फिरत असतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा: “प्रोसेसरचा ड्राइव्ह आणि क्लिपर वाढवा, आवाज दणदणीत झाला की रेंज आपोआप वाढते. मॉड्युलेशनचा मीटर शंभरच्या आत असेल तर डिस्टॉर्शन नसतं. खात्री करायची तर ऑडासिटीत रेकॉर्ड करून बघा, लाटांचे माथे सपाट नसतील तर सगळं ठीक. गाणी ३२० ची असली की झालं. एवढं करूनही कुणी आवाज फाटतो म्हणालं, तर दोष त्याच्या सेटमध्ये.” (प्रोसेसर म्हणजे प्रसारणाआधी आवाज घडवणारं यंत्र, ड्राइव्ह म्हणजे त्यात आवाज किती जोराने ढकलला जातो ती पातळी, क्लिपर म्हणजे लाटांचे माथे ठरावीक उंचीवर कापणारा त्याचा भाग. मॉड्युलेशन म्हणजे आवाज रेडिओ लहरीवर चढवणं, डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाटणं. ऑडासिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, आणि ३२० म्हणजे एमपी३ फाइलचा सेकंदाला ३२० किलोबिटचा दर.) पाच वाक्यं आहेत आणि एकही जसंच्या तसं टिकत नाही. पहिलं सगळ्यात महाग पडतं.

“आवाज दणदणीत, तर रेंज जास्त.” हा समज मीडियम वेव्हवरून आलेला दिसतो, आणि तिथे त्यात तथ्य आहे. एएममध्ये, म्हणजे मीडियम वेव्हवरच्या प्रसारणात, ऑडिओची ताकद साइडबँडमध्ये, म्हणजे वाहक लहरीच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांत, जाते. एखादा शुद्ध सूर शंभर टक्के मॉड्युलेट केला, तर वाहक लहरीच्या निम्मी शक्ती साइडबँडच्या रूपाने वर जमा होते. म्हणून ७९२ किलोहर्ट्झवरच्या आकाशवाणी पुण्यासारख्या केंद्राला दाट ऑडिओचा खराच फायदा मिळतो. एफएममध्ये मात्र शांतता असो की ढोल-ताशा, ट्रान्समीटरमधून बाहेर पडणारी एकूण शक्ती तेवढीच राहते. वारंवारता तेवढी मागेपुढे सरकते.

दूरच्या श्रोत्याला भरगच्च आवाज खरखरीच्या थोडा वर ऐकू येतो, एवढं मान्य. पण हिशेब बघा. डेव्हिएशन, म्हणजे वारंवारतेचं हे सरकणं, ७५ किलोहर्ट्झच्या मर्यादेपलीकडे ८५ पर्यंत ढकललं, तर मिळतो जेमतेम १.१ डेसिबल. त्यासाठी सिग्नलची रुंदी, कार्सनच्या नियमाने (एफएम सिग्नल किती रुंद पसरतो त्याचा ढोबळ हिशेब), स्टिरिओत साधारण २५६ वरून २७६ किलोहर्ट्झ होते. मोबाइल आणि कार-सेटमधल्या बऱ्याच डीएसपी (सिग्नल आकड्यांत हाताळणाऱ्या) चिप सिग्नल कमजोर झाला की आपला फिल्टर अरुंद करतात. म्हणजे ज्या काठावरच्या श्रोत्यासाठी हा खटाटोप केला, त्याच्याकडेच आवाज आधी फाटतो.

रेंज हवी असेल तर ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची केबल बघा. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास आरजी-२१३ केबल १०० मीटरला सुमारे ७ डेसिबल खाते. ३० मीटरचा मनोरा आणि खोलीपर्यंतची वाट धरून ४० मीटर केबल लागली, तर ५० वॅटमधले अँटेनापाशी साधारण २६ उरतात. तेवढ्याच लांबीची, कमी सिग्नल खाणारी अर्धा इंची फोम हेलिअ‍ॅक्स टाकली तर ४० च्या वर पोचतात. दुसरा उपाय फुकटचा आहे: केंद्रावर गप्पा, मुलाखती, शेतीसल्लाच जास्त असेल तर मोनो करा, रेडिओला स्टिरिओची खूण देणारा १९ किलोहर्ट्झचा पायलट सूर बंद ठेवा. कमजोर सिग्नलवर स्टिरिओची खरखर मोनोपेक्षा २० डेसिबलहून जास्त असते. क्लिपरचा एक डेसिबल आणि हे वीस, यात निवड करायला खरं तर वेळ लागू नये.

आता मीटर. डेव्हिएशनचा मीटर लाट किती उंच गेली ते सांगतो, तिचा आकार काय झाला ते सांगत नाही. उंची शंभरावर धरून ठेवणं हे तर क्लिपरचंच काम. जितकं जास्त कापाल, तितका काटा स्थिर. बोलणं असो की गाणं, काटा शंभरावर चिकटून बसला असेल तर मनात शंका यायला हवी.

फाटतं कुठे, हे कळायला प्री-एम्फसिस समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे तो ५० मायक्रोसेकंदांचा आहे. म्हणजे साधारण ३.२ किलोहर्ट्झपासून वरच्या वारंवारता प्रसारणाआधी चढवल्या जातात: ५ किलोहर्ट्झला साडेपाच डेसिबल, १० ला दहाच्या थोडं वर, १५ ला साडेतेराच्या पुढे. रेडिओ तेवढंच उतरवतो आणि जाताजाता खरखरही उतरते. पण मधल्या प्रवासात ‘स’, ‘श’, ‘च’ आणि टाळांचा आवाज डोंगराएवढा झालेला असतो, आणि क्लिपर त्याच डोंगरावर चालतो.

आषाढीच्या दिवसांत अभंगांचे कार्यक्रम लागतात, तेव्हा हे स्पष्ट ऐकू येतं. टाळांची ताकद वरच्या पट्ट्यात, तीही अखंड. प्रोसेसरचा हाय-फ्रिक्वेन्सी लिमिटर (वरचा पट्टा दाबून धरणारा भाग) कडक असेल, तर प्रत्येक ठोक्याबरोबर गायकाची व्यंजनं बोथट होतात. लिमिटर सैल ठेवून क्लिपरवर भार टाकला, तर टाळाची किणकिण जाऊन चरचर उरते आणि गळ्यालाही वाळू लागल्यासारखं वाटतं. पखवाजाची थाप पडली की गळा क्षणभर घोगरा होतो, तो दोष वेगळा. तिथे खालच्या पट्ट्याने क्लिपरची सगळी जागा खाल्लेली असते आणि थाप व गळा यांचं इंटरमॉड्युलेशन होतं, म्हणजे दोन्ही मिसळून नको ते सूर तयार होतात. पहिल्यावर उपाय म्हणजे वरच्या पट्ट्याचा ड्राइव्ह दोनेक डेसिबल कमी करणं. दुसऱ्यावर ३० ते ४० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं गाळणारा फिल्टर) लावायचा आणि बास क्लिपरची मर्यादा खाली आणायची. दोन्हींवर एकच बटण फिरवणारे आठवडाभर फिरवतच बसतात.

प्री-एम्फसिसचा आणखी एक घोळ वारंवार सापडतो: प्रोसेसरमध्येही चालू, एक्सायटरमध्येही (ट्रान्समीटरचा एफएम लहर तयार करणारा भाग) चालू. श्रोत्याला १० किलोहर्ट्झला दहा डेसिबल जादा मिळतात, आवाज पत्र्यासारखा चिरका होतो, आणि आधी कापून बसवलेले माथे एक्सायटरमध्ये पुन्हा उंचावून डेव्हिएशनही मर्यादेबाहेर जातं. नियम सोपा: प्रोसेसरकडून प्री-एम्फसिस झालेला डावा-उजवा ऑडिओ जात असेल तर एक्सायटर फ्लॅट ठेवा, आणि थेट एमपीएक्स (स्टिरिओचा एकत्र केलेला सिग्नल) देत असाल तर एक्सायटरचा स्टिरिओ कोडर बाजूला काढा. सॉफ्टवेअर प्रोसेसरच्या तयार प्रीसेटमध्ये अमेरिकेचे ७५ मायक्रोसेकंद नाहीत ना, हेही बघा. असले तर आपल्या रेडिओवर वरच्या टोकाला सव्वातीन डेसिबल जास्त वाजतं.

सेटिंगचा क्रम असा ठेवा. क्लिपर पूर्ण सैल सोडा. नेहमीच्या बोलण्यावर एजीसी (पातळी आपोआप सारखी ठेवणारा भाग) ८ ते १० डेसिबल दाबेल इतका इनपुट द्या, रिकव्हरी (दाब सुटण्याचा वेग) संथ ठेवा. मल्टिबँडचे (आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत वाटून दाबणाऱ्या भागाचे) पट्टे सरासरी ३ ते ५ डेसिबल दाबू देत. क्लिपर शेवटी. तो लावताना गाणं नको, नुसतं बोलणं हवं, कारण संगीत डिस्टॉर्शन झाकतं. हार्मोनियम तर सगळ्यात लबाड: मुळातच हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) भरपूर, क्लिपरने घातलेले आणखी चार कळतसुद्धा नाहीत. “सात साळसूद सशांनी सकाळीच साखर सांडली” असं काहीतरी बाईच्या आणि पुरुषाच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. कानावर बसणाऱ्या बंद हेडफोनवर ऐकत क्लिपर चढवा, ‘स’ खरवडला की तिथून दीड डेसिबल मागे या. मग एकटी बासरी वाजवून बघा.

ऑडासिटीचा सल्ला दिसायला शास्त्रीय आहे, म्हणून जास्त फसवतो. क्लिपरने सपाट केलेला माथा श्रोत्यापर्यंत सपाट राहत नाही. पुढे १५ किलोहर्ट्झचा फिल्टर असतो, मग रेडिओतला डी-एम्फसिस (चढवलेलं उतरवणारा), आणि दोन्ही आकार बदलतात. चौकोनी लाटेतून नुसता मूळ सूर गाळून घेतला तरी त्याचा माथा कापलेल्या रेषेच्या २.१ डेसिबल वर येतो. त्यामुळे भरपूर कापलेला ऑडिओ रेडिओवरून रेकॉर्ड केला की गोलगोल, सोज्वळ दिसतो. उलट एखाद्या नव्या गाण्याची मूळ फाइलच सपाट माथ्यांची असते, तिथे तुमच्या प्रोसेसरचा काही संबंध नसतो.

ऑडासिटी वापरायचीच असेल तर ६ आणि ७ किलोहर्ट्झचे दोन सूर समान पातळीवर एकत्र करून नेहमीच्या सेटिंगवर प्रसारणातून पाठवा. हे कार्यक्रम बंद असताना, नाहीतर फोन येतील. रेडिओवरून रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती ताकद, त्याचा आलेख) काढा. ५ आणि ८ किलोहर्ट्झला रेषा उगवल्या तर लाट दोन्ही बाजूंनी सारखी कापली जाते आहे, बहुधा प्रोसेसरच्या क्लिपरमध्ये. १ किलोहर्ट्झला ठळक रेषा आली तर कुठेतरी एकच बाजू आधी कापली जाते आहे. मिक्सर, साउंड कार्ड, वितरण अ‍ॅम्प्लिफायर तपासा.

“३२० ची गाणी” याबद्दल थोडक्यात. १२८ ची फाइल ३२० मध्ये पुन्हा कोंबली तर आकार वाढतो, गेलेला तपशील परत येत नाही. एमपी३ जो कचरा मोठ्या आवाजाच्या आड लपवते, तोच मल्टिबँड वर उचलतो, आणि झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या वाजतात. सीडीवरून काढलेली वेव्ह किंवा फ्लॅक (तपशील न गमावणारी) फाइल ठेवा. हार्ड डिस्क आता इतकी महाग राहिलेली नाही. डीकोड होताना माथे शून्य डेसिबलच्या वर जातात, म्हणून प्लेआउटची (गाणी वाजवणाऱ्या कॉम्प्युटरची) पातळी ३ डेसिबल खाली घ्या. सपाट माथ्यांच्या गाण्यांसाठी डिक्लिपर (कापलेले माथे पुन्हा उभारणारा) वापरणार असाल तर तो एजीसीच्या आधी लागतो. नंतर लावून उपयोग नाही.

राहिला श्रोत्याचा सेट. तो दोषी असू शकतो, पण ते शेवटी ठरवायचं. आधी साखळी ऐका: प्लेआउट कॉम्प्युटरचा हेडफोन, मिक्सरचं आउटपुट, प्रोसेसर बायपासमध्ये, प्रोसेसर चालू, आणि मग रेडिओ. जिथे पहिल्यांदा फाटलेलं ऐकू येईल तिथे थांबा, पुढचं काही फिरवू नका. मिक्सरवरच फाटत असेल तर प्रोसेसर ते दुरुस्त करू शकत नाही. प्रोसेसरपर्यंत सगळं स्वच्छ आणि रेडिओवरच खराब असेल, तर तो रेडिओ कुठे ठेवला आहे ते बघा. ट्रान्समीटरच्या शेजारच्या खोलीत सिग्नल इतका जबर असतो की चांगल्या सेटचंही इनपुट ओव्हरलोड होतं. किलोमीटरभर दूर, उघड्यावर, मनोरा दिसेल अशा जागी दोन वेगळ्या बनावटीच्या सेटवर ऐका. तिथे स्वच्छ असेल आणि टेकडीमागच्या वस्तीतच ‘स’ फाटत असेल, तर ते मल्टिपाथ आहे, म्हणजे आपटून उशिरा पोचणाऱ्या लहरींचा गोंधळ. त्या सेटवर मोनो लावून किंवा अँटेना हातभर सरकवून फरक पडला की निदान पक्कं. दोन्ही सेटवर, उघड्यावरही फाटत असेल, तर श्रोता बरोबर सांगत होता.