गुटगुटीत ते ढोली, फक्त सहा वर्षात

परवा लेक शाळेतून आली तर डबा तसाच्या तसा परत. विचारलं तर म्हणे भूक नव्हती. रात्री दिवा घालवल्यावर एकदाचं बोलली. पीटीच्या सरांनी अख्ख्या वर्गाला रांगेत उभं करून वजन केलं, एकेकाने काट्यावर चढायचं, सर आकडा मोठ्याने ओरडणार, मॉनिटर वहीत लिहिणार. हिचा आला ४१. मागून कोणीतरी "क्विंटल" म्हणालं आणि सगळी रांग हसली, सर पण हसले. नऊ वर्षांची आहे हो ती.

हीच पोरगी तीन वर्षांची असताना आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीत सुदृढ बालक स्पर्धेत पहिली आलेली, बक्षीस काय तर चॉकलेटचा डबा! तेव्हा सगळ्यांच्या तोंडी गुटगुटीत, गालगुच्चे घेऊन घेऊन गाल लाल करायचे. आता माणसं तीच, गाल तेच, शब्द फक्त ढोली. गेल्या महिन्यात गंगापूर रोडला एका लॉन्सवर लग्न होतं, तिथे माझ्या मावससासूबाई सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, "दुसरा गुलाबजाम का गं, मोजतेय हं मी", आणि निघताना त्यांनीच पर्समधून खेळणं निघतं ते चॉकलेटचं अंडं काढून हिच्या हातावर ठेवलं. प्रेमानेच हो. सगळं प्रेमानेच चाललंय.

आता कोणी म्हणेल वजन जास्त असेल तर बोलायचं पण नाही का. तर ऐका. अमेरिकेत मिनेसोटात शाळेतल्या मुलांचा प्रोजेक्ट ईट नावाचा अभ्यास झाला, त्याच मुलांना १५ वर्षांनी परत गाठलं. रेबेका पुल आणि त्यांच्या टीमने २०१७ साली जे छापलं त्यात मूळचं वजन हिशोबात धरूनही निघालं असं की वयात येताना ज्यांना वजनावरून चिडवलं होतं ती मोठेपणी जास्त जाड झालेली. मुलांच्या बाबतीत मित्रांचं चिडवणं नडलं, पण मुलींना घरच्यांचं चिडवणंही नडलं, वर मन भरून आलं की खात सुटणं, उपाशी राहणं, आरसा नकोसा होणं हे वेगळंच. म्हणजे मावससासूबाईंचा गुलाबजामचा हिशोब उलटाच बसतो. माझ्या लेकीने डबा खाल्ला नाही आणि घरी येऊन बाथरूममध्ये वेफर्सचा पुडा संपवला, रिकामा पुडा मला वॉशिंग मशीनच्या मागे सापडला.

तो पुडा आला कुठून? एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियम आहे, शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीवालं विकायचं नाही. मी गेटपासून टपरीपर्यंत चालत गेले, २७ पावलं. पुड्यांच्या माळा बरोबर नऊ वर्षाच्या पोराच्या नाकासमोर लटकवलेल्या, प्रत्येकावर कार्टून. २००७ साली स्टॅनफर्डवाल्यांनी ३ ते ५ वर्षांच्या पोरांना एकच खाणं दोनदा दिलं, एकदा साध्या कागदात, एकदा मॅकडोनाल्ड्सच्या. पोरं म्हणाली मॅकडोनाल्ड्सचंच चविष्ट. बाकी सोडा, गाजरसुद्धा! चिलीने २०१६ पासून असल्या पुड्यांवरची कार्टूनं काढायला लावली आणि काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले. आपण मात्र कार्टून तसंच ठेवलंय आणि शिक्का पोरीवर मारतोय.

गंमत बघा, समोरच्या फ्लॅटमधला पोरगा काडीपैलवान, हेच पुडे हिच्या दुप्पट खातो, त्याला "घे बाळा अजून एक, अंगाला लागेल". पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात २००४ साली आलेला फोटो शोधून बघा. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, दोघं दिसायला बारीकच, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. आपल्याकडची बाळं जन्मतः हडकुळी दिसली तरी चरबी जपून असतात हे याज्ञिकांनीच दाखवलंय. त्यामुळे काडीपैलवानाची आई निवांत आहे ते काही खरं नाही.

माझं सासर पेठ तालुक्याकडचं. तिथे नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी खाणाऱ्या घरात पण पाहुणा येताना पाच रुपयेवाले पुडेच आणतो. राज्यात पाच वर्षाखालची ३६.१ टक्के मुलं वजनाने कमी आणि जास्त वजनाची १.९ वरून ४.१ टक्के झाली, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलं. दोन्हीकडे पुडा तोच पोचतोय.

काल शाळेत गेले. सर म्हणाले, अहो ताई गंमत असते ती, मला पण पाचवीत ढब्ब्या म्हणायचे. म्हटलं पाचवीतलं अजून लक्षात आहे ना सर? गप्पच बसले. मग म्हणाले वजनाचा तक्ता वरून मागतात, पण पुढच्या वेळी एकेकाला आत बोलवून करतो. बघू. टपरीचं म्हणाले ते आमच्या हातात नाही.

आज डबा अर्धा परत आलाय. भेंडी तशीच, पोळ्या संपल्या. मी काही बोलले नाही.